शिक्क्याच्या डोळ्यात कुंकू

मी एक जुना शिक्का आहे. बोटाएवढा, लाकडाचा, एका टोकाला गुळगुळीत आणि दुसऱ्या टोकाला नाव कोरलेला. मित्रांनो, तुमच्याकडे माणूस कागदावर सही करतो. जपानात मात्र वर्षानुवर्षे सहीपेक्षा शिक्क्याला मान होता. इथे मला हांको म्हणतात. माणसाने कितीही शपथा घेतल्या तरी बँक आधी माझे तोंड पाहायची आणि मग त्याचे. तेव्हा मी थोडा तोरा मिरवला तर हसू नका.

माझा जन्म टोकियोच्या पूर्वेला, एदोगावात, स्टेशनाजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. मुंबईहून नोकरीसाठी आलेला प्रताप नावाचा तरुण इंजिनिअर तिथे शिरला आणि म्हाताऱ्या कारागिराने त्याचे नाव पुन्हा पुन्हा विचारले. जपानी जिभेला जोडाक्षर पेलत नाही, म्हणून प्रतापचा 'पुरातापु' झाला. आता एक गंमत लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गोष्ट तिच्यावरच अडणार आहे. तुमच्या अक्षरावर जसा अनुस्वार बसतो, तसे जपानी 'पु'च्या खांद्यावर एक बारीक पोकळ वर्तुळ बसते. वर्तुळ नसेल तर त्याचा 'फु' होतो. माझ्या नावात अशी दोन वर्तुळे आली, एक पहिल्या अक्षराला आणि एक शेवटच्या. मोहरीपेक्षाही लहान, पण तेच माझे डोळे. ती कोरताना त्या म्हाताऱ्याने श्वास रोखून धरला होता.

प्रतापने माझ्या साक्षीने बँकेत खाते उघडले. माझा ठसा तिथे कायमचा जपून ठेवला गेला. पुढे लग्न होऊन मेधा आली, जवळच्याच हिगाशी-कसाई भागात घर झाले, ओवीचा जन्म झाला. प्रत्येक करारावर मी उमटलो. लाल शाईत बुडी मारायची, कागदावर टेकायचे आणि ऐटीत डबीत परत जायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग काळ पालटला. "आता शिक्का लागत नाही," असे एकेक कचेरी म्हणू लागली. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात, सुकलेली बॉलपेने आणि जुन्या सेलच्या शेजारी झाली. मला वाईट वाटायचे. कोणी विचारत नाही म्हणून लाकूडही कोमेजते, मित्रांनो.

अशात एका दिवाळीला मेधाने खण उघडला. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर लॅपटॉप होता, पासबुक होते. तिने मलाही त्यांच्या पंगतीला बसवले.

"अगं, त्याला कशाला? तो रिटायर्ड आहे," प्रताप हसून म्हणाला.

"असू दे. इथला पहिला पगार याच्यामुळेच खात्यात आला ना? मग?"

तिने मला डोक्यावर उभे केले आणि कोरलेल्या तोंडावरच ओल्या बोटाने हळद लावली, वर भरपूर कुंकू लावले. मी अगदी भरून पावलो. पूजेचे कुंकू पुसायचे कसे, म्हणून तिने मला तसेच डबीत ठेवले. देव भावाचा भुकेला असतो हे खरे, पण मी देव नव्हतो. कुंकू वाळले आणि माझी दोन्ही वर्तुळे गच्च बुजली. कुंकूही लाल आणि शाईही लाल. कळणार कोणाला?

त्याच हिवाळ्यात मंदी आली. प्रतापच्या कंपनीने त्याचे प्रोजेक्टच बंद केले. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"मेधा, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाहीये."

मेधाने गॅस बंद केला. इथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे, हे तिलाही ठाऊक होते. नोकरी मिळाली नाही तर ओवीची शाळा अर्धवट सोडून परत जायचे. ओवीला सांगितले तेव्हा ती जपानीतच म्हणाली, "इया दा." म्हणजे, मला हे नको.

पुष्कळ वणवण केल्यावर ओसाकातल्या एका लहान कंपनीने होकार दिला. अट एकच, येत्या सोमवारी हजर व्हायचे आणि तिथला पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे घर. परदेशी माणसाला घर द्यायचे म्हटले की एजंट गोड हसतात आणि नाही म्हणून मान हलवतात. शेवटी एक घरमालकीण तयार झाली. पण शुक्रवारी दुपारी तीनला बँका बंद होण्याआधी अनामतीचे पैसे आले नाहीत, तर घर दुसऱ्याला देईन, असे तिने बजावले. प्रतापची सगळी शिल्लक त्या जुन्या खात्यात मुदत ठेवीत होती आणि ठेव मोडायची तर माझ्याशिवाय गत्यंतर नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा बँकेच्या काउंटरवर आलो. मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोरिताबाई, यांनी फॉर्म पुढे केला. प्रतापने मला शाईत बुडवून दाबले. मी जीव ओतून उमटलो. मोरिता-सान यांनी ठसा जुन्या ठशाशी ताडून पाहिला आणि खाली वाकून म्हणाल्या, "फार दिलगीर आहे. जुळत नाही."

प्रतापने पुन्हा दाबले. वर्तुळांच्या जागी दोन लाल ठिपके उमटले. मोरिता-सान म्हणाल्या, "शिक्का बदलून घेता येईल. पण त्याला आठ-दहा दिवस लागतील." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की अरे, मी तोच आहे, माझे डोळे तेवढे उघडा! पण शिक्क्याला एकच शब्द येतो आणि तोही त्या दिवशी मला धड उच्चारता येत नव्हता.

प्रतापने मेधाला फोन लावला. "तू दुसराच शिक्का दिलास का? घरात अजून एक आहे का?"

"एकच आहे. तू नीट दाबलास का?"

"मेधा, प्लीज! मी इथे शिक्के मारायला शिकायला आलोय का?"

तिने फोन ठेवला आणि सायकल काढली. बँक जवळच होती. केस विस्कटलेले, नाक लाल झालेले, अशी ती धापा टाकत आली. तिने ठशाचा कागद उचलला. ते दोन लाल ठिपके पाहिले. मग मला उलटे करून डोळ्यांजवळ धरले आणि तिचा चेहरा पडला.

"प्रताप, ही शाई नाहीये. हे कुंकू आहे. दिवाळीचं."

मेधाने आपल्या मोडक्या जपानीत मोरिता-सान यांना सांगितले, की आमच्याकडे पोट भरणाऱ्या वस्तूची पूजा करतात, त्यात चूक झाली. मोरिता-सान हसल्या नाहीत. त्यांनी ओला रुमाल पुढे सरकवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

रुमालाने वरचे कुंकू निघाले, वर्तुळातले निघेना. मेधाने मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली. तिथे पिन ठेवायची सवय तिच्या आईची. माझ्या वर्तुळाची कडा केसाएवढी पातळ. ती तुटली तर मी जन्मात जुळणार नव्हतो.

"हळू गं."

"तू बोलू नकोस. तू बोललास की माझा हात हलतो."

पहिल्या वर्तुळातला लाल कण उडाला. दुसऱ्यातले कुंकू घट्ट होते. पिन आत रुतली, टिक् असा बारीक आवाज झाला आणि एक सूक्ष्म कपची माझ्या अंगावेगळी झाली. तो आवाज फक्त मेधाने आणि मी ऐकला. तिने ओठ चावला आणि मला शाईवर टेकवले.

या वेळी तिनेच मला दाबले. मी आयुष्यात इतका सांभाळून कधी उमटलो नव्हतो.

मोरिता-सान भिंग घेऊन आल्या. मग साहेबांना घेऊन आल्या. बाहेरचे शटर करकरत खाली येऊ लागले. दोघे कागदावर वाकले आणि प्रतापने मेधाचा हात घट्ट धरला.

"जुळतो," साहेब म्हणाले. "मात्र एका वर्तुळाची कडा उडाली आहे. आज चालेल. यापुढे नवा शिक्का नोंदवा."

पैसे त्याच दुपारी ओसाकाला पोहोचले. घर मिळाले, नोकरी मिळाली. माझे काम मात्र तिथेच संपले. बाहेरच्या बाकावर प्रताप म्हणाला, "तुला उगाच बोललो." मेधा म्हणाली, "आणि मी पुसायला विसरले." मग दोघेही भर रस्त्यात रडले, आणि मी मेधाच्या मुठीत होतो.

आता मी ओसाकाच्या घरात असतो. बँकेला माझा उपयोग नाही. तरी या दिवाळीला मेधाने मला पाटावर ठेवले. आधी कोरड्या कापडाने माझे तोंड पुसले, मग पाठीवर कुंकवाचे एकच बोट टेकवले आणि आरती झाल्यावर तेही पुसून घेतले. ओवीने विचारले, "पुसतेस कशाला?" मेधा म्हणाली, "त्याला दिसायला हवं ना."

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा एखादे जुने माणूस असेल. त्यांना हार घाला, कुंकू लावा, नमस्कार करा. पण हात जोडून झाले, की एकदा हातात फडकेही घ्या.