भंवरीबाईंच्या नावावरचं डोमेन

जिनलने रसायनशास्त्रात एमएस्सी केलं होतं. शिरपूर जैनमध्ये सासरच्या किराणा दुकानामागच्या खोलीत तिने माती तपासणीची छोटी प्रयोगशाळा थाटली होती. उपकरणं आली, पाटी लागली. काम मात्र अजून मिळायचं होतं. किन्हीराजाच्या शेतकरी गटाला रब्बीआधी सगळ्या सभासदांची माती तपासून हवी होती. गटाच्या अध्यक्ष वैजयंतीताईंची अट एकच: अहवाल शेतकऱ्याला स्वतःच्या फोनवर दिसला पाहिजे. जिनलने साइट तयार केली, त्यावर नमुन्याचा अहवाल चढवला. बैठक उद्यावर आली आणि साइट उघडत नव्हती.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तिच्या नवऱ्याने, मयंकने नोंदवलं होतं. ते नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं, हे सांगणाऱ्या नेमसर्व्हरची नवी नावं जिनलने नोंदणीच्या पानावर भरली होती. असा बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रानेही थांबायला सांगितलं, मयंकनेही. ती थांबली. संध्याकाळी मात्र तिला वाटलं, थांबायलाही काही पुरावा हवा.

बदल वाटेत असेल, तर कुठे जुनं उत्तर मिळेल, कुठे नवं. तिने निरनिराळ्या सर्व्हरना विचारून पाहिलं. सगळ्यांचं उत्तर एकच: असं नावच नाही. मग तिने सगळ्यांत वरच्या, नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला विचारलं. तिथेही नाही. म्हणजे उशीर नव्हताच. बदल निघालाच नव्हता. नोंदणीची माहिती उघडल्यावर कारण दिसलं. मालकाची ओळख पटेपर्यंत नाव रोखून ठेवलं होतं.

“मालक कोण लिहिलंय?” तिने विचारलं.

“आई,” मयंक म्हणाला. यात विचारण्यासारखं काय, असा त्याचा चेहरा होता.

त्या घरात नवीन काहीही त्याच्या आईच्या, भंवरीबाईंच्या नावानेच सुरू व्हायचं. दुकान, स्कूटर, गॅसचं कनेक्शन, सगळं. त्यामुळे ओळख पटवायचा कोडही त्यांच्याच मोबाइलवर जाणार होता. आणि तो मोबाइल बंद करून कपाटात ठेवलेला होता. पर्युषण चालू होतं. संवत्सरीपर्यंत, म्हणजे पर्वाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोबाइलचा त्याग, असं व्रत त्यांनी घेतलं होतं, आणि संवत्सरी बैठकीनंतर होती.

गुपचूप मोबाइल काढू, कोड घेऊ, परत ठेवू, आईला कळणारही नाही, असं मयंकने सुचवलं.

“मालक खरा आहे का, हेच ते विचारताहेत,” जिनल म्हणाली. “आणि आपण मालकालाच न विचारता हो म्हणायचं?”

सकाळी भंवरीबाई मंदिरातून आल्यावर तिने सगळं सांगितलं. नकार आला तर तो ऐकून घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. भंवरीबाईंनी मोबाइलचं काही काढलंच नाही. त्यांनी मयंकला विचारलं, मातीच्या कामात माझं नाव कशाला? शुभ असतं म्हणून, असं तो पुटपुटला.

“शुभ ठीक आहे. उद्या एखाद्याने मातीतलं विचारलं, तर मी काय सांगू?” मग त्या सुनेकडे वळल्या. “जिनल, मोबाइल मी सोडला आहे. सोडलेल्या वस्तूवर माझा हक्क कसला? तू काढ, तू वाच. माझा होकार आहे. पण नंतर तिथे तुझं नाव घाल. आणि माझ्या बहिणीचे मेसेज आले असतील, ते मला सांगू नकोस.”

कोड आला. तो भरून जिनल मालेगावच्या बसमध्ये बसली, तिथून जीपने किन्हीराजाला निघाली. वाटेत ती सारखी फोनवर पाहत होती. नाव अजून सापडत नव्हतं.

देवळाच्या सभामंडपात माणसं जमली होती. जिनलने उभं राहून आहे ते सांगितलं. नाव अडकलं होतं, आज सुटलंय, पण आत्ता उघडेलच असं नाही.

“माह्या मोबाइलवर तर खुलून राह्यलं,” वैजयंतीताई म्हणाल्या. “जिनलताई, तुमचाच काहून रुसला?”

माणसं हसली. जिनलने त्यांचा फोन हातात घेतला. अहवाल समोर होता, सामूपासून, म्हणजे मातीच्या आम्लतेच्या आकड्यापासून, स्फुरदापर्यंत. तिच्या स्वतःच्या फोनवर अजूनही नाहीच होतं. क्षणभर विचार करून तिने कारण सांगितलं. तिने इतक्यांदा विचारलं होतं, की तिच्या सिमच्या कंपनीने ‘नाही’ हे उत्तर काही वेळासाठी लक्षात ठेवलं होतं. ताईंचं सिम दुसऱ्या कंपनीचं. तिथून आधी कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून सरळ नवं उत्तर मिळालं.

खांबाला टेकून बसलेले रामराव, गटातले सगळ्यांत जुने शेतकरी, पुढे सरकले. “आमची माती खराब निघाली,” ते म्हणाले, “तरी असंच कारणासकट सांगसान का?”

“सांगीन. आणि मला कळलं नाही, तर तेही सांगीन.”

रामरावांनी वैजयंतीताईंकडे पाहिलं. ताईंनी फोन पुढच्या माणसाच्या हातात दिला आणि विचारलं, माती किती खोलवरची आणायची, बांधाजवळची चालते का. बांधाजवळची नको, जिनल म्हणाली. सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. तिने फोन पिशवीत टाकला, फावडं मागितलं आणि सगळ्यांना घेऊन ती देवळामागच्या पडीक तुकड्याकडे निघाली.