पुढल्या सालचं भूत

"भूत जरा हळू आण, भिमाजी," सेक्रेटरी रंगनाथराव म्हणाले. "एकदम आणलंस तर पाहुण्या बाई दचकतील."

"साहेब, बाईंनीच पाठवलंय भूत," भिमाजी पेटीवरून हात न काढता म्हणाला. "त्यास्नी वळख आसंल त्याची."

संस्थेच्या ऑफिसात तालीम चालली होती. टेबलावर टीव्ही, टीव्हीवर व्हीसीआर आणि व्हीसीआरवर धूळ बसू नये म्हणून सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी विणलेला रुमाल. समोर सतरंजीवर भिमाजी संस्थेची पेटी घेऊन बसला होता. शेजारी इंग्रजीच्या यशोधरा मॅडम होत्या. पडद्यावर एक कापडी म्हातारा पांघरुणातून डोकं बाहेर काढून थरथरत होता.

देवळाली प्रवराच्या अलीकडे फाट्यावर संस्थेचं मुलांचं वसतिगृह आहे. त्याला समुद्रापलीकडून ब्लँकेटं, दूध पावडर आणि उपदेश येत असे. यातल्या ब्लँकेटांचं पुढं काय होई ते सेक्रेटरींना ठाऊक. उपदेश मात्र मुलांपर्यंत पुरेपूर पोचत असे. हे सगळं पाठवणाऱ्या बाई त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, नाताळला स्वतः येणार होत्या. त्यांनी आधी एक कॅसेट धाडली होती. बाहुल्यांचं पिक्चर, गाण्यांचं, भुतांचं आणि अख्खं इंग्रजीत. वसतिगृहातल्या मुलांचं इंग्रजी "मे आय कम इन सर" इथं सुरू होऊन तिथंच संपत असे, आणि भुतं काही परवानगी मागून येत नव्हती. तेव्हा कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं.

ते काम भिमाजीकडे आलं. तो वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमन होता. पण रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी घेऊन तो कीर्तनाला बसला की फाटकावरचा भिमाजी हाच का, असं माणसं विचारत. इकडच्या ख्रिस्ती वस्त्यांनी बायबलातले दावीद आणि गल्याथ वर्षानुवर्षं कीर्तनातच ऐकलेले. त्यामुळे टीव्हीचा आवाज शून्यावर आणायचा आणि पिक्चर कीर्तनात लावायचं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. यशोधरा मॅडम अर्थ सांगत, भिमाजी त्याला चाल लावी.

गोष्ट सोपी होती. गिधाडाच्या नाकाचा एक मालक. त्याच्या पेढीवर लोकरीचा एक मेंढा कारकून. मेंढ्याचं धाकटं कोकरू कुबडी घेऊन चालतं. मालक असा की नाताळलाही कामावर ये म्हणणारा. मग त्याला तीन भुतं भेटतात. इंग्रजीत त्यांची नावं भारदस्त होती. भिमाजीनं ती सरळ करून टाकली: गेल्या सालचं, औंदाचं आणि पुढल्या सालचं. सालगडी बदलावा तशी भुतं बदलत होती.

"काय हलकट माणूस आहे!" सेक्रेटरी मनापासून म्हणाले. मग त्यांचं लक्ष वर गेलं. "अरे, दोन दोन बल्ब कशाला? एक काढ."

यशोधरा मॅडमनी भिमाजीकडे पाहिलं नाही. भिमाजीनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी एकमेकांकडे न पाहण्याची संस्थेत सर्वांना सवय होती.

शेवट आला. मालक सुधारला. त्यानं खिडकी उघडली, मेंढ्याच्या घरी जेवण पाठवलं, कोकराला खांद्यावर घेतलं. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला.

"भिमाजी, इथं माझं नाव घाल."

"कुठं?"

"इथंच. असा मोठ्या मनाचा मनुष्य आपल्यातही आहे, असं काहीतरी. कीर्तनात यजमानाचं नाव घेतातच की. मॅडम, तेवढं बाईंना इंग्रजीत सांगा."

भिमाजीनं पेटीचा भाता मिटला. "घालतो. पर साहेब, आमच्या खोलीचं?"

खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून, रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. भिमाजीची बायको साळूबाई वसतिगृहाची स्वयंपाकीण. लग्न झाल्यापासून दोघं तिथं राहत. मुलगी तिथंच जन्मली आणि तिथूनच श्रीगोंद्याला सासरी गेली. आता सेक्रेटरींचा पुतण्या सचिन याला एसटीडी बूथ मिळाला होता आणि बूथला रस्त्याकडे तोंड असलेली खोली हवी होती. साऱ्या फाट्यावर तशा बऱ्याच होत्या, पण त्यांना भाडं पडत होतं.

"कार्यक्रम झाल्यावर बघू," सेक्रेटरी म्हणाले. "मन लावून कर. बघू."

"बघू" हा त्यांचा आवडता शब्द. त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो. समोरचा माणूस मात्र कामाला लागतो.

साळूबाईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती.

"बघू म्हनले? मग गेलीच म्हनायची खोली."

"आगं, शेवट बघून डोळे पुसत हुते."

"कांदा चिरताना मी बी पुसते. म्हनून कांदा सोडून देते का?"

"नाव घातलं त्यांचं, बाईंच्या म्होरं, तर लाजंनं तरी..."

"लाज?" साळूबाईनं कणकेला एक बुक्की घातली. "घाल बाबा. तुझ्या पेटीला सूर हाय, त्या मानसाला न्हाई."

नाताळच्या दिवशी संध्याकाळी अंगणात माणूस मावत नव्हतं. मुलं पुढं, वस्तीतल्या बाया मागं, गाववाले भिंतीवर. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध सगळे आले होते. बाहुल्या आणि भुतं यांना जात लागत नाही. पाहुण्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, गळ्यात झेंडूचा हार, अंगावर एक शाल आणि त्या शालीवर सेक्रेटरींनी घातलेली दुसरी शाल. एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला यशोधरा मॅडम.

भिमाजीनं नमन केलं, पेटीवर सूर धरला आणि पिक्चर सुरू झालं. मालक पडद्यावर आला तशी पोरं हसली. गिधाडाचं नाक हललं की भिमाजी खर्जात बोले. मेंढ्याचं तोंड हललं की त्याचा आवाज इतका बारीक होई की मागच्या बाया पदर तोंडाला लावत.

"मालक, उद्या नाताळ हाय. पोरात जाऊ का?"

"बघू," भिमाजी खर्जात म्हणाला.

अंगणात हशा फुटला. भिंतीवरून एक जण खाली पडला. सेक्रेटरीही हसले आणि बाईंकडे वाकून म्हणाले, "व्हेरी फनी." बाईंनी मान डोलावली. त्यांना मेंढा आवडला होता.

गेल्या सालचं भूत आलं. भिमाजीनं पेटीवर चाल बदलली:

*चल रे मागं, दावतो तुला, कुणी भरवला घास।*
*ज्याच्या दारी वाढलास तू, त्यालाच केला त्रास।।*

मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनी "व्हय, व्हय" म्हणून ठेका धरला. सेक्रेटरींचं लहानपण फाट्यावरच गेलेलं; कुणाकुणाच्या दारी ते म्हाताऱ्यांना पाठ होतं. सेक्रेटरीही ठेका धरून होते.

मग औंदाचं भूत आलं. पडद्यावर मेंढ्याच्या घरी सगळे एका ताटाभोवती बसले. तेवढ्यात साळूबाई स्वयंपाकघरातून आली. हात पिठाचे होते. ती वाकून भिमाजीच्या कानाशी म्हणाली,

"सचिन आन् गोरक्षनाथ गवंडी आपल्या खोलीत मापं घेत्यात. भिंतीवर चुन्यानं शटरची खूण केली. माझी मांडनी वढून मधी आनली."

भिमाजीची बोटं पेटीवर थांबली नाहीत.

"आत्ता?"

"समदी हितं हायेत म्हनून आत्ताच."

ती परत गेली. भिमाजी गातच राहिला, पण मागच्या बायांनाही कळलं की चालीतली लय बदललीय. जरा संथ झाली आणि जड.

मापं घेऊन गोरक्षनाथ गवंडी अंगणात आला आणि खिशात टेप घालून मागं उभा राहिला. पुढल्या सालचं भूत तेव्हाच आलं. त्याला तोंड नव्हतं, आवाज नव्हता. त्यानं मालकाला नेलं मेंढ्याच्या घरी. चुलीशेजारी छोटी कुबडी टेकवलेली होती आणि कोकरू कुठंच नव्हतं. एकही पोरगं हललं नाही. मग भूत मालकाला घेऊन कबरीपाशी गेलं. मालक गुडघ्यांवर पडला. त्याचं कापडी तोंड उघडत मिटत होतं. भिमाजी त्याच्या वतीनं म्हणाला,

"मी बदलीन! येक डाव मला माघारी सोड. मी बदलीन!"

आणि त्यानं उठून व्हीसीआरचं बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या आल्या.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. त्यांचं नाव यायची वेळ झाली होती. भिमाजीनं पेटीचा भाता लावून टाकला.

"येवढंच हाय," तो म्हणाला.

"येवढंच कसं?" एक पोरगं ओरडलं. "त्यो बदलला का न्हाई?"

"कॅसेटमधी बदललाय."

"मग दावा की!"

"न्हाई दावनार. कॅसेटमधी बदलायला काय लागतंय? हितं बदलला की मी पेटी घिऊन येईन आन् फुडचं सांगीन. फुकट सांगीन."

अंगणात स्वयंपाकघरातली रश्शाची उकळी ऐकू येऊ लागली. सेक्रेटरी उभे राहिले. बसले. मग बाईंकडे वळून हसत म्हणाले, "मशीन. टेक्निकल."

बाईंनी यशोधरा मॅडमकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मॅडम संस्थेत हंगामी होत्या. दर जूनला त्यांना नव्याने घेतलं जाई आणि घेताना उपकार केल्यासारखं घेतलं जाई. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत होते. सारं अंगण बघत होतं.

मॅडम इंग्रजीत बोलल्या. बराच वेळ बोलल्या. कुणाला ते कळलं नाही, पण मध्येच त्यांनी हात करून खोली दाखवली, मग उघड्या दारातून दिसणारी भिंतीवरची चुन्याची खूण दाखवली आणि हवेत शटर ओढल्यासारखं केलं. ते सगळ्यांना कळलं. गोरक्षनाथनं खिशातली टेप आणखी खाली सारली.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी सेक्रेटरींनी पांघरलेली शाल काढली, नीट घडी केली, मांडीवर ठेवली आणि एक वाक्य बोलल्या.

"काय म्हनल्या?" भिंतीवरून कुणीतरी विचारलं.

मॅडम मराठीत म्हणाल्या, "बाई म्हणतात, त्यांना घाई नाही. शेवट बघायला त्या पुढच्या नाताळला परत येतील."

सेक्रेटरी टाळ्या वाजवू लागले. बाकी कुणीच वाजवत नाही म्हटल्यावर थांबले.

सुधारणा झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंची गाडी फाट्याबाहेर पडली आणि दुपारच्या आत संस्थेची पेटी स्टोअररूममध्ये कुलूपबंद झाली. संस्थेच्या मालमत्तेचा गैरवापर, असं कारण होतं. भिमाजीनं ती पेटी वीस वर्षं वाजवली होती. तिच्या दोन पट्ट्या त्यानं स्वतः घडवून बसवल्या होत्या. शिपाई ती उचलून नेताना तो फाटकावर उभा होता. त्यानं एवढंच म्हटलं, "आडवी धर. भात्याला उंदीर लागतो, वरच्या फळीव ठेव." यशोधरा मॅडमना जूनमध्ये बघू असं सांगण्यात आलं. आणि खोली एक तारखेला मोकळी करा म्हणून निरोप आला.

एक तारीख गेली. दोन तारखेला सकाळी गोरक्षनाथ गवंडी घण घेऊन आला. साळूबाई दारात पाट टाकून बसली होती. समोर परातीत पाण्यातून काढलेले तीळ होते. संक्रांतीला मुलांना तिळगूळ ती दरवर्षी करी, सगळ्यांना, जातपात न बघता.

"मावशे, जरा सरक," गोरक्षनाथ म्हणाला.

"आलास? बस. च्या घे आधी."

"च्या नको. साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांनी च्या घिऊ नको म्हनून सांगितलं का?"

गोरक्षनाथ बसला. चहा प्याला. भिंतीवरच्या चुन्याच्या खुणेकडे बघितलं, मग घणाकडे.

"भिमाजीमामा कुठंय?"

"फाटकावं. त्याची नोकरी हाय न्हवं अजून."

"मावशे, माझं बारकं पोरगं रोज इचारतंय. त्या कोकराचं काय झालं म्हनून."

"मग तू काय सांगितलं?"

"म्या म्हनलं, इचारून येतो." त्यानं घण मांडीवर आडवा घेतला. "आता भिंत पाडून घरी गेलो तर काय सांगू त्येला?"

साळूबाईनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

दहाच्या सुमारास टेम्पो आला. सचिन खाली उतरला, मागून दोघांनी एसटीडीचा पिवळाधमक बोर्ड उतरवला. बघतो तर भिंत तशीच उभी, गवंडी चहा पितोय, आणि दारात बाई बसलेली. "काकांना घेऊन येतो!" असं ओरडून सचिन टेम्पोत बसून निघून गेला. त्या दोघांनी बोर्ड उन्हात जमिनीवर पालथा न घालता उताणा ठेवला, म्हणजे रंग खरवडला जाणार नाही, आणि तेही चहाला बसले.

साळूबाई उठली. तिनं पदरानं बोर्ड पुसला. मग परात उचलून सगळे तीळ त्यावर ओतले आणि हातानं काठापर्यंत सारखे पसरले. ऊन चांगलं होतं.