बाई आणि आजी

"अगं, आज आमची बाई आलीच नाही," सून फोनवर म्हणाली, तशी सासूबाईंनी अर्धवट सोललेला बटाटा खाली ठेवला. फोन संपेपर्यंत त्या थांबल्या.

"बाई म्हणू नकोस तिला."

"मग काय म्हणू?"

"नावाने हाक मार. काहीही म्हण."

उभं आयुष्य त्यांनी शाळेत शिकवलं होतं, आणि तिथे बाई म्हणजे त्याच. ‘बाई आल्या’ अशी कुजबुज झाली की वर्ग चिडीचूप व्हायचा. पुढे शाळेत मॅडम आल्या, मिस आल्या. बाई हा शब्द तिथून उठला आणि धुण्याभांड्यांपाशी जाऊन बसला. हे त्यांच्या फार जिवाला लागलं होतं. सुनेला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण उगाच वाद नको म्हणून तिने ऐकलं.

आठवडाभराने, सून ऑफिसला गेल्यावर, कामवाली लादी पुसता पुसता थांबली.

"आजी, माझं काही चुकलंय का?"

"का गं?"

"ताई आता बाई म्हणत नाहीत. नुसतं नाव घेतात. एकदम एकेरीवर आल्या." तिने फडकं पिळलं. "लहानपणी मी आईबरोबर कामाला जायचे. तिला सगळे ‘ए’ म्हणायचे. मला बाई म्हटलं ते याच घरात, पहिल्यांदा. घरी जाऊन आईला सांगितलं होतं मी."

सासूबाई मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घालत राहिल्या. ती काही नीट बसेना.

"तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

‘तुमचं’ ऐकून तिने मान वर केली.

"संध्याकाळी मी बोलते सुनेशी." पुढचा शब्द ओठांवर यायला जरा वेळ लागला. "काळजी करू नका, बाई."

कामवालीने बादली पुढे सरकवली. मग काहीतरी आठवून म्हणाली,

"तुम्ही शाळेत होतात ना? पोरं तुम्हालाही बाईच म्हणत असतील."

"म्हणायची."

"मग मी काय म्हणू तुम्हाला?"

"आजी म्हणता ना? चांगलं आहे ते," असं म्हणून, खुर्चीखालची लादी पुसता यावी म्हणून त्यांनी पाय वर घेतले.