धुरातून पाहणारा

मी ग्राफीनचा एक डोळा बोलतोय. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा काढला की ग्राफीन मिळतं. तुम्हाला न दिसणारा उष्णतेचा प्रकाश, म्हणजे अवरक्त किरण, टिपणं हे माझं काम.

पण जन्मलो तेव्हा मी जवळजवळ आंधळाच होतो. शंभर किरण आले तर दोन-तीन अडवायचो, बाकीचे आरपार! प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरचा जुना डिटेक्टर, म्हणजे माझ्यासारखाच किरण टिपणारा डोळा, हुशार, पण स्वारीला सतत गारठवून ठेवावं लागे. एवढं लटांबर घेऊन माणसं शोधायला आगीत कोण शिरणार?

"याला बारीक भोकं पाडू या," मला घडवणाऱ्या बाई म्हणाल्या. "भोकांच्या कडांशी किरण अडकतील. आणि खाली सोन्याचा आरसा. निसटलेला प्रकाश परत फिरेल."

विभागप्रमुख हसले. "आधीच अणूभर जाडी, त्यात भोकं? दुष्काळात तेरावा महिना!"

"सर, एकदा करून तर बघू."

भोकं पाडताना माझी सात भावंडं फाटली. आठवा मी, जीव मुठीत धरून टिकलो. बाईंनी समोर हात धरला आणि पडद्यावर पाचही बोटं लखलखली. "दिसतंय! सर, गार न करता दिसतंय!" सर धावत आले आणि लहान मुलासारखे स्वतःचाही हात नाचवून बघू लागले.

मला कॅमेऱ्यात बसवून अग्निशमन दलाकडे चाचणीला दिलं. तिसऱ्याच दिवशी रंगाचं गोदाम पेटलं. फाटकाशी वॉचमनची बायको ओरडत होती, "अहो, ते आतच आहेत!"

मला घेऊन आत शिरलेल्या दलाच्या कॅप्टनला धुरात स्वतःचा हात दिसेना. मला मात्र तापलेल्या पिंपांमागे एक मंद आकार दिसला. आधी गुडघा, मग खांदा.

"डावीकडे! माणूस आहे!" कॅप्टन ओरडला.

वॉचमनला बाहेर आणलं. तो खोकला, तेव्हा बायकोने त्याच्या दंडावर चापट मारली. "सुट्टी घ्या म्हणत होते ना मी!" आणि ती ओक्साबोक्शी रडली.

महिन्याभराने सर बाईंसोबत मला न्यायला आले. काचेच्या कपाटात मांडणार होते, खाली पितळी पाटीसुद्धा लावणार होते. कॅप्टनने मान हलवली. "कपाटासाठी दुसरा करा, साहेब. हा ड्युटीवर आहे."

बाई जोरात हसल्या. "दुसरा कशाला? शंभर करते!"

आता माझ्या खोक्यावर काजळी आहे, ओरखडे आहेत, आणि मी ऐटीत आहे. तुमच्याकडे एकच मागणं. आमची गाडी घंटा वाजवत मागून आली, की कौतुक नंतर करा. आधी वाट द्या.