पवळ्याच्या दाढेचे दोन फोटो

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा तुमच्यावर राग आहे. ही लहान मुले आहेत, यांचा काय दोष, असे कुणी म्हणेल. पण बैल बघायला गेलात की तुम्हीही मोठ्यांसारखे त्याचे पुढचे दात मोजता आणि शहाण्यासारखी मान डोलावता. हे मी खिडकीतून कितीदा तरी पाहिले आहे. म्हणून माझी गोष्ट गोडीगुलाबीने ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पहिली बारा वर्षे मी परभणीला, माणसांच्या हाडांच्या दवाखान्यात काढली. तिथे माझा मान होता. मोडलेला हात असो की सरकलेला मणका, डॉक्टर आधी माझा फोटो बघत आणि मगच तोंड उघडत. पुढे नवी मशीन आली. मग मला पोत्यात गुंडाळून गंगाखेडला, व्यंकटराव डॉक्टरांच्या खासगी जनावरांच्या दवाखान्यात पाठवून दिले. बारा वर्षे माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांपैकी निरोप द्यायला एकही बाहेर आला नाही.

गंगाखेडला माझ्यापुढे नारळ फुटला, हळदीकुंकू लागले, पेढे वाटले गेले. त्यानंतर सहा वर्षे माझा उपयोग काय, तर ज्या लांब दांड्याच्या टोकाला माझी नळी आहे, त्या दांड्यावर डॉक्टरांचा रेनकोट वाळत घालणे. व्यंकटराव वाईट माणूस असते तर मला इतका राग आला नसता. अडलेली गाय सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण दातांच्या बाबतीत त्यांची रीत बैलबाजाराची. खालचा ओठ अंगठ्याने दाबायचा, पुढचे दात मोजायचे, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठही दात आले की जुळला, झाले काम. बैल चारा चावतो तो मागच्या दाढांनी. पण त्या दाढांची चौकशी करतो कोण? कुणी माझ्याकडे बोट दाखवले की डॉक्टर म्हणायचे, "दातासाठी मशीन कशाला लागती? माझा अंगठा मेलाय का?" आणि दाराशी बाकावर बसलेले सगळे फिदीफिदी हसायचे.

मग अर्पिता डॉक्टर नोकरीला आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी रेनकोट उचलून खुंटीला अडकवला, माझी वायर बदलून घेतली आणि मागच्या न्हाणीत अंधार करून फिल्म धुण्याची सोय केली. चांगुणाबाई नावाच्या म्हातारीचा कुत्रा डोळ्याखाली सुजला होता. डोळा बिघडला असे सगळे म्हणत होते. मी दाखवले की दोष डोळ्याचा नाही, वरच्या दाढेच्या मुळाचा आहे. दाढ काढली, सूज गेली. गाव मात्र महिनाभर खिदळत होते, कुत्र्याच्या दाताचा फोटो काढला म्हणून. त्या हसणाऱ्यांची तोंडे मी विसरलेली नाही.

आता पवळ्याचे सांगते. राणीसावरगावच्या सूर्यभान आणि सत्यशीला या नवराबायकोने त्याला टेम्पोतून आणले. लाल रंगाचा उमदा बैल, पण खालच्या जबड्यावर उजवीकडे नारळाएवढी सूज. तिच्यावर तापल्या सळईचे दोन डागही दिलेले होते.

"चारा तोंडात घेतोय आन अर्धा चावून गोळे पाडायलाय," सत्यशीला म्हणाली. "लय वाळलाय, ताई. कायबी करा, पर त्याला खाता येऊ द्या."

अर्पिता डॉक्टरांनी गुंगीचे इंजेक्शन दिले, स्वतःच्या गळ्यात शिशाचा जड एप्रन अडकवला आणि सूर्यभानला म्हणाल्या, "मामा, म्होरकी काढा. तिची कडी फोटोत येईल."

म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर बांधलेली दोरी. पवळ्याच्या म्होरकीला जाड पितळी कडी होती. सूर्यभानने सरळ नकार दिला.

"म्होरकी न्हाई निघणार. बैल इकला तरच ती निघती. माझ्या दावणीला हाय तवर त्याच्या तोंडावर राहती."

आमच्या भागातली रीतच आहे तशी. बैल विकला तरी म्होरकी मालक स्वतःकडे ठेवतो आणि घेणारा आपली नवी आणतो. त्यामुळे चारचौघांत म्होरकी सुटली की बैल हातचा गेला, असे या लोकांना वाटते. अर्पिता डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी कडी वर कपाळाकडे सरकवली, सगळ्यांना बाहेर काढले आणि बटण दाबले. नेमकी त्याच वेळी गुंगीने पवळ्याची मान खाली आली आणि कडी घसरून सुजेवर जाऊन बसली.

फिल्म धुऊन आली. दाढेच्या मुळावर पांढरे गोल वेटोळे, आणि त्याच्या आडचे काहीच दिसत नव्हते. मी खोटे बोलत नाही, मित्रांनो. मध्ये जे येईल ते मी दाखवते.

व्यंकटरावांनी फिल्म खिडकीकडे धरली. "हाड वाढलंय. हाडाची गाठ हाय ही, असली गाठ बरी होत न्हाई."

"सर, ती कडी आहे," अर्पिता डॉक्टर म्हणाल्या. "अजून एक फोटो काढला तर..."

"कडी आन हाड मला कळत न्हाई का? तीस वर्सं झाली मला. आन ही मशीन तर भंगारच हाय, दहा फोटो काढले तरी काय दाखवणार? सूर्यभान, बैलाला घरी ने. असंल तवर सुखानं राहू दे."

असे सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले. त्याची मला सवय आहे. पण सत्यशीला तिथून हलली नाही. ती अर्पिता डॉक्टरांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमाला काय वाटतंय?"

अर्पिता डॉक्टरांनी एकदा व्यंकटरावांकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. "सर म्हणतात तेच," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावरचा रेनकोट काढणारी ती एकटी बाई. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग तिचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत अर्पिता डॉक्टर ती फिल्म रोज उजेडात धरायच्या आणि परत पाकिटात घालायच्या. शेवटी व्यंकटराव झरी गावाला गेले होते त्या दिवशी त्यांनी सूर्यभानला फोन केला. "बैल घेऊन या. मला पुन्हा फोटो काढायचाय."

पवळ्या आला तेव्हा ओळखू येत नव्हता. फासळ्या मोजता येत होत्या आणि जबडा एका बाजूला लोंबत होता. तो खात नाही म्हणून सूर्यभान त्याचे तोंड फाकवून बांबूच्या नळ्याने कण्या पाजत होता, दिवसातून तीन वेळा. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिनं एकदा फसवलंय. म्होरकी तर मी आजबी काढू देणार न्हाई."

सत्यशीलाने पुढे होऊन म्होरकीची गाठ सोडली, दोरी आणि कडी मुठीत घट्ट धरली आणि नवऱ्याकडे वळली. "ही माझ्या हातात हाय. माझ्या हातून कुणी घेत न्हाई तवर बैल आपलाच हाय."

सूर्यभान मागे सरकला. इतकी सोपी गोष्ट पहिल्या दिवशी कुणालाच सुचली नव्हती.

या वेळी मध्ये काही आले नाही. फिल्मवर मागची दुसरी दाढ स्पष्ट होती. ती उभी चिरली होती आणि तिच्या मुळाभोवती पुवाने पोखरलेली काळी पोकळी होती. गाठ कुठेच नव्हती. आणि त्या पोकळीच्या खाली जबड्याच्या हाडातून एक बारीक काळी रेघ आरपार गेली होती.

"दाढ चिरून किडली होती," अर्पिता डॉक्टर म्हणाल्या. "तिच्यामुळं हाड आतून कुजलं. आणि आता जबडा मोडलाय."

"कशानं मोडला?" सूर्यभानने विचारले. मग त्याचे त्यालाच कळले असावे. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मी तर त्याला पाजत होतो," तो म्हणाला.

"त्यात तुमची चूक नाही, मामा. हाडात जीवच राहिला नव्हता."

सत्यशीलाने म्होरकी छातीशी धरली होती. "ताई, खरं सांगा. त्या दिशी दुसरा फोटो काढला असता तर हे दिसलं असतं का?"

आता व्यंकटराव नव्हते. बाकावर दोन-चार माणसे होती आणि ती सगळी कान देऊन ऐकत होती. अर्पिता डॉक्टर म्हणाल्या, "दिसलं असतं. दाढ काढली असती, पंधरा दिवसांत तो कडबा चावायला लागला असता. ती कडी आहे हे मला त्या दिवशीच माहीत होतं, मावशी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोलले नाही."

त्यांनी दाढ काढली, तारेने जबडा बांधला. कुजलेल्या हाडात तार धरली नाही. पाचव्या दिवशी राणीसावरगावला गोठ्यात पवळ्याने जीव सोडला. मला हे कळले, कारण सूर्यभानने फोन करून सांगितले आणि अर्पिता डॉक्टर माझ्याच शेजारच्या स्टुलावर बसून रडल्या. मला त्यांची दया आली नाही. आली असती तर बरे झाले असते.

आता अर्पिता डॉक्टर शंका आली की फोटो पुन्हा काढतात, आणि तेही व्यंकटरावांच्या समोर. ते नाक मुरडतात. बाकावरचे लोक मला भारी मशीन म्हणू लागले आहेत, पण ते कौतुक मला ऐकवत नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला झाका, असे मी मागणार नाही. तुमच्या दावणीचे जनावर अर्धवट चावलेले गोळे टाकू लागले, तर पुढचे दात मोजत बसू नका. डाग देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाढा दाखवा. आणि उद्या तुमच्यातले कुणी डॉक्टर झाले, हातात बिघडलेला फोटो आला, तर तो बिघडलाय असे मोठ्याने म्हणा, समोर कितीही मोठा माणूस उभा असो. पवळ्याचा दुसरा फोटो हा मी आयुष्यात काढलेला सगळ्यात स्वच्छ फोटो आहे. तो अकरा दिवस उशिरा निघाला.