पहिली सही

नाशिक रोडच्या त्या चोवीस घरांच्या सोसायटीत मीटिंग कधी भरायची नाही. भरवली तर चार माणसं यायची, त्यातली दोन चहा होईपर्यंत थांबायची. म्हणून कागद फिरायचा. जो काही ठराव असेल तो सेक्रेटरी शेखर टाइप करून आणायचा, घरोघर न्यायचा आणि खाली सह्या पडत जायच्या. कागद आधी भिकनतात्यांकडे जायचा, मग इतरांकडे. हे कोणी ठरवलं नव्हतं, तसा पायंडाच पडून गेला होता.

तात्यांनी गावातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली होती. समोर कागद आला की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. बोलायला मात्र लाजाळू. चार माणसांत कोणी मत विचारलं तर ते चष्मा पुसायला घ्यायचे, आणि पुसून होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

मेच्या शेवटच्या रविवारी शेखर कागद घेऊन आला. तो समोरच्याच दारात राहायचा. तात्यांची बायको गेली तेव्हा महिनाभर त्याच्याच घरून डबा आला होता.

कागदावर लिहिलं होतं की झाडलोट आता एजन्सीकडे द्यायची, आणि पाण्याच्या टाकीखालची खोली फुलाबाईने ३१ जूनपर्यंत रिकामी करावी.

फुलाबाई सायखेड्याची. बावीस वर्षं ती इथले जिने झाडत होती. त्या खोलीतच तिचा संसार झाला, नवराही तिथेच गेला. तिला वाचता येत नव्हतं. रेशनचा फॉर्म, बँकेचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं ती तात्यांकडे आणायची आणि उंबऱ्यावर बसून ऐकायची.

तात्यांनी कागद दोनदा वाचला. "पण ती जाणार कुठे, शेखरराव?"

"सायखेड्याला भाऊ आहे की तिचा."

"तो विचारत नाही तिला. नवरा गेला तेव्हासुद्धा फिरकला नव्हता."

"तात्या, माझ्या मनात का ते येत नाही? पण मी सगळ्यांशी फोनवर बोललोय. बाकीची सगळी घरं तयार आहेत. आता तुमच्या एकट्यासाठी अडवायचं म्हणता, तर अडवतो. तसं सांगू का सगळ्यांना?"

तात्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेवीस घरं. तेवीस घरांना जे दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल, तर दोष आपल्याच नजरेचा असणार. आयुष्यभर त्यांना असंच वाटत आलं होतं.

"जूनला एकतीस तारीख नसते," ते एवढंच म्हणाले. एकतीस खोडून त्यांनी वर तीस लिहिलं, सवयीने समासात बारीक खूण केली, आणि सही केली.

"म्हणून तर तुमच्याकडे आधी आणतो," शेखर हसून म्हणाला.

बुधवारी सकाळी तात्या दूध आणायला गेले तेव्हा मागच्या इमारतीतली चैताली भेटली.

"काका, फुलाबाईंचं वाईट वाटलं हो. मी सही करणारच नव्हते. पण वर तुमची बघितली. म्हटलं, काकांनी केलीये म्हणजे विचार करूनच केली असणार."

"तुला शेखररावांचा फोन आला होता ना आधी?"

"छे. थेट कागदच घेऊन आले. म्हणाले, तात्यांची झालीये, आता कोणाचं काही नाही."

दुधाची पिशवी तशीच हातात धरून तात्या खालच्या मजल्यावरच्या रवीच्या दारात गेले. फोन त्यालाही आला नव्हता. "मी तर वाचलंसुद्धा नाही, तात्या," तो म्हणाला. "सोसायटीत एक माणूस वाचतो, तेवढं पुरे की."

आणखी तीन दारं झाली. मग तात्या शेखरकडे गेले. तो पेपर चाळत बसला होता.

"तुम्ही म्हणाला होतात, सगळे तयार आहेत."

"आहेतच. मोजा सह्या."

"तेव्हा नव्हते."

"तेव्हा नव्हते," शेखर म्हणाला. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. "तुमची सही नसती तर बाकीच्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा पुसत बसला असता. बसा ना, चहा टाकायला सांगतो."

तात्यांना त्या घरात बसवेना. "मला माझी सही काढायचीय."

शेखरने फाइल पुढे सरकवली. पेनही दिलं. "काढा. तेवीस उरतात."

तात्यांनी सही खोडली, शेजारी 'माझी संमती नाही' असं लिहिलं आणि संध्याकाळी पुन्हा दारं वाजवायला निघाले. एवढं बोलणं त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. चैतालीने सगळं ऐकून घेतलं. "तुमचं पटतंय, काका. पण आता सगळ्यांनीच केलीये. मी एकटी कशी वेगळी पडू?" रवीने खांद्यावर हात ठेवला. "तात्या, सही म्हणजे काय प्रूफ आहे का, पुन्हा पुन्हा तपासायला?"

रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तात्या परतले. त्यांच्या सहीवरून ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांच्यातल्या एकानेही काढली नाही.

शुक्रवारी दुपारी फुलाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. हातात घडी केलेली झेरॉक्स होती.

"वाचा तात्या. सेक्रेटरींनी दिलंय. म्हणले, तात्या सांगतील समजावून."

झेरॉक्स आधीची होती. सह्यांच्या रांगेत पहिली सही, कुठेही न खोडलेली. तात्यांनी वाचायला सुरुवात केली. 'खोली रिकामी करावी' इथपर्यंत वाचून ते थांबले.

फुलाबाईने वाकून कागदावर बोट ठेवलं. "ही तुमची ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बावीस वर्सं बघते की. रेशनच्या फारमावर, बँकेच्या कागदावर. शेवटी अशी रेघ ओढता, शेपटावानी. अक्षर येत नाय मला, पन ही येती."

"मी नंतर काढली, फुलाबाई. मूळ कागदावर खोडलीय."

तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला. "ह्याच्यात तर हाय."

"मला सांगितलं की सगळ्यांचं ठरलंय."

"मी हितंच व्हते, तात्या. टाकीखाली. मला इचारायचं."

तात्यांनी कागद परत हातात घेतला आणि घडी घालू लागले.

"बाकीची नावं वाचा," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"वाचा. तुमी कधी अर्धं वाचत नाय."

तात्यांनी वाचली. पहिलं स्वतःचं, मग बाकीची तेवीस. प्रत्येक नावाला फुलाबाईचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून दुसऱ्या पेरावर सरकत होता. नावं संपली तेव्हा तिने तारखेवर बोट टेकवलं.

"हितं काय खोडलंय?"

"तारीख. एकतीस लिहिली होती. जूनला तीसच दिवस असतात."

"म्हंजी एक दिस कमी झाला."

"हो."

"कुनी केला?"

तात्यांनी चष्मा काढला. सदऱ्याचं टोक हातात धरलं, आणि न पुसताच चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मी."

फुलाबाईने मान हलवली. "मंग बरोबरच असंल," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने कागदाची नीट घडी घातली, पण पदराला बांधली नाही. उंबऱ्यावर तात्यांच्या बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मला काय वाचता येतंय."