मंजुरीला थांबलेली वावरं

माझा दादा, रविराज, रुसून गेला त्याला सहा वर्षं झाली. गेला कुठं, तर खराबवाडीला. तिथं मित्राची शेती वाट्यानं करतो म्हणे. माझी कंपनीची बस चाकणला जाताना रोज त्या फाट्यावरून जाते आणि रोज मी मान वळवून बघते. दिसत काही नाही. एक चहाची टपरी आणि दोन रिक्षा.

भांडण जमिनीवरून. आमचे बाबा, सोपानराव, रहाटणीतलं वावर बिल्डरला द्यायला निघाले, दादा आडवा पडला आणि मी मुकाट सही केली. "तू तरी थांबायचं होतंस, तने," एवढंच तो म्हणाला. मीही कमी नाही. म्हटलं जा, बघू कोण आधी फोन करतं. कुणीच केला नाही. आता त्याच वावरातल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, आम्ही राहतो.

त्याआधी आम्ही दोघांनी एक वेबसाइट केली होती. गावातल्या प्रत्येक वावराचं नाव, फोटो, माहिती. लिहायचा तो. मी वाचून मंजूर केलं की मगच लोकांना दिसायचं, कारण हा पठ्ठ्या माहितीत चुलत्यांना शिव्या घालायचा. तो गेल्यावर मी मंजुरीचं पान उघडलंच नाही. रागावलेला माणूस काय वावरांची वर्णनं लिहीत बसतो? पुढं त्या पानाचा पासवर्डही विसरले.

परवा मेल आला, जुना सर्व्हर महिनाअखेर बंद होणार. आईला सांगितलं तर ती कासावीस झाली. "अगं, हिरीचा फोटू हाय त्यात. त्येवढा तरी काढून घे."

रविवारी सकाळी बसले. सर्व्हरचं खातं माझ्याच नावावर होतं. ब्राउझरमधून डेटाबेस बघता येतो असं एक टूल उतरवून सर्व्हरवर टाकलं. फोल्डरला भलतंच नाव दिलं, उगाच कुणी आगंतुक घुसायला नको. पहिल्यांदा नुसतं पांढरं पान. मेल्यानं तासभर खाल्ला! मग कुठला तरी एक भाग कमी होता तो बसवला, डेटाबेसचा पासवर्ड साइटच्या सेटिंगमधून शोधून घातला आणि सगळे तक्ते समोर उघडले.

साइटवर तेवीस वावरं दिसायची. इथं चौसष्ट ओळी होत्या.

चोविसाव्या ओळीपासून पुढं 'मंजूर'च्या रकान्यात शून्य. लेखक, रविराज. तारखा बघितल्या, परत एकदा बघितल्या. सगळ्या तो गेल्यानंतरच्या. शेवटची गेल्या गुरुवारची.

'चिंचेचं वावर. तनी इथं विंचवाला भिऊन झाडावर चढली आणि उतरवेना म्हणून रडली.'

'पाणथळ. आईची भाकरी इथवर येईतो गार व्हायची, तरी गोड लागायची.'

एकातही शिवी नव्हती. आणि शेवटची ओळ: 'तने, मंजूर करत नाहीस. काय चुकलं तेवढं तरी सांग.'

अरे देवा! त्याला वाटत असणार, मी वाचते आणि बाजूला सारते. सहा वर्षं. मी ढसाढसा रडले. आई धावत आली, तर तिला एकेक ओळ वाचून दाखवली. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. "पोरगं बोलत व्हतं गं," म्हणाली, "आन् आमीच कानात बोळं घालून बसलो."

एक्केचाळीस शून्यांचे एक केले. मग दादाच्या नावापुढं मंजुरीचा हक्क चढवला आणि पासष्टावी ओळ मी लिहिली. 'दादा, तुझं काही चुकलं नाही. मी उघडलंच नव्हतं. घरी ये.' तिच्यापुढं शून्य ठेवलं. आता मंजूर त्यानं करायचं.

दिवसभर दर पाच मिनिटांनी बघितलं. शून्य. सोमवारी बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर बघितलं. शून्यच. फाटा जवळ आला, टपरी दिसली, रिक्षा दिसल्या. तो माझ्या मंजुरीसाठी सहा वर्षं थांबला आणि मला एक दिवस दम धरवत नव्हता. पण ज्याचं चुकलं त्यानं कसली वाट बघायची?

"मुरारीकाका, गाडी थांबवा," मी ड्रायव्हरला हाक दिली.

"मॅडम, कंपनी अजून पुढं हाय."

"माहितीय," मी पिशवी उचलत म्हटलं. "मला इथंच उतरायचंय."